तूपभेसळ नियंत्रण (भारत)

वनस्पती तूप (रूढ नाव डालडा) किंवा अन्य स्वस्त स्निग्ध पदार्थ मिसळलेले तूप शुद्ध म्हणून विकण्यास आळा घालणारी शासकीय व्यवस्था. वनस्पती तूप प्रथम युरोपातून येई. 1930 च्या दशकारंभी मुंबईत शिवडीला त्याचा कारखाना निघाला. हे तूप दिसण्यात व कणीदारपणात साजूक तुपाच्या जवळ जात असल्याने त्याला रंग द्यावा, अशी मागणी स्वातंत्र्याच्या आगेमागे जोराने झाली. परंतु निरुपद्रवी, तापवल्यावर टिकणारा आणि सहज काढता न येणारा रंग मान्य झाला नाही. त्याऐवजी वनस्पती तुपात किमान 5 टक्के तिळतेल घालण्याची सक्ती आली. चव न बदलणारी ही खूण प्रयोगशाळेत मात्र ओळखता येते.

ती ओळखणाऱ्या बॉडुइन चाचणीचे मूळ 19 व्या शतकाच्या उत्तरार्धातले. आरंभी साखर व हायड्रोक्लोरिक अम्ल वापरत. साखरेऐवजी फरफ्युरल या द्रवरूप रसायनाचा वापर सामान्यतः व्हिलावेक्किया व फाब्रिस या इटालियन रसायनज्ञांच्या नावे सांगितला जातो. वितळलेले तूप 5 मिलि., तीव्र हायड्रोक्लोरिक अम्ल 5 मिलि. आणि फरफ्युरलचा 2 टक्के अल्कोहोली द्राव 0.4 मिलि. बुचाच्या नळीत 2 मिनिटे जोराने हलवतात. खालचा अम्लाचा थर गुलाबी वा लाल झाला, तर 5 मिलि. पाणी घालून पुन्हा हलवतात. रंग टिकला तरच तिळतेल आहे असे धरतात. काही खाद्यरंग नुसत्या अम्लानेही गुलाबी होतात. म्हणून फरफ्युरल न घालता एक नळी आधी पाहावी. हे टाळल्यास निर्दोष नमुनाही दोषी ठरतो. उलट पामतेल वा जनावरांची चरबी मिसळली असेल तर ही चाचणी काहीच दाखवत नाही.

त्यासाठी रायशर्ट-माइसल (आर.एम.) मूल्य काढतात: 5 ग्रॅम तुपातील बाष्पनशील, जलविद्राव्य अम्लांच्या उदासिनीकरणाला लागणारा दशांश नॉर्मल (ठरावीक तीव्रतेचा) अल्कली द्राव, मिलिलिटरमध्ये. वनस्पती तुपाचे मूल्य जवळजवळ शून्य असते. येथेच जुना वाद आहे. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचे आर.एम. मुळातच कमी भरते, म्हणून 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत महाराष्ट्रासाठी किमान 26, पण कापूसपट्ट्यासाठी 21 अशी दुहेरी मर्यादा होती. मूल्य 30 असलेल्या तुपात 20 टक्के वनस्पती घातल्यास ते सुमारे 24 होते, म्हणजे एका पट्ट्यात नापास, दुसऱ्यात पास. म्हणूनच कमी मूल्याचे तूप बाहेरच्या भागात ॲगमार्क (शेतमालाचे सरकारी दर्जाचिन्ह) शिक्क्याविना विकण्यास बंदी घातली गेली. केवळ आर.एम.वर विसंबण्यापेक्षा मेदाम्लांचे प्रमाण व बीटा-सिटोस्टेरॉल (हे वनस्पतिजन्य तेलांत असते) तपासणे अधिक खात्रीचे. मात्र प्राणिज चरबीपुढे सिटोस्टेरॉल चाचणीही निरुपयोगी ठरते.

5 ऑगस्ट 2011 पासून अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 लागू आहे. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो: एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (त्याचा वरिष्ठ), चौथा विक्रेत्याने मागितल्यास त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस असतात. त्याविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते. दुधाच्या नमुन्यात फॉर्मॅलिन घालतात (25 मिलि.ला दोन थेंब), तुपाला ते लागत नाही. कमी दर्जासाठी 5 लाख व मिथ्याछापासाठी (लेबलावरील खोटी वा दिशाभूल करणारी माहिती) 3 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कारावास मात्र अन्न असुरक्षित ठरल्यास होतो. केवळ वनस्पती मिसळल्याचे सिद्ध झाल्यास प्रकरण बहुधा दंडावरच थांबते.