धारणक्षमता

धारणक्षमता : एखाद्या परिसरातील अन्न, पाणी व निवारा यांच्या आधारावर एखाद्या जातीचे जितके जीव दीर्घकाळ तगू शकतात ती संख्या. सगळे मुबलक असेल तर कोणतीही जीवसंख्या चक्रवाढीने फुगते. सोलापूरच्या कंबर तलावातील जलपर्णी हे त्याचे रोज दिसणारे उदाहरण. सांडपाण्यातून खत मिळाले की ही वनस्पती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाण्याचा पृष्ठभाग संपला की तिचा पसरही संपतो.

बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये या अडसराचे समीकरण मांडले. संख्या धारणक्षमतेच्या निम्म्यावर असताना वाढ सर्वांत जोमदार असते, पुढे ती मंदावत जाते. मासेमारीचे नियोजन याच हिशेबावर चालते.

अन्नाची चणचण, रोगराई, शिकारी प्राणी हे अडसर दाटी वाढेल तसे तीव्र होतात. त्यांना घनतावलंबी म्हणतात. अवर्षण व गारपीट दाटी पाहत नाहीत. सोलापूरसारख्या पर्जन्यछायेतील जिल्ह्यात धारणक्षमता स्वतःच दरवर्षी हलते. पाऊस हुकला की माळावरचे गवत वितीएवढेही होत नाही. त्यामुळे धारणक्षमतेला टेकून सरळ आडवा होणारा पाठ्यपुस्तकातला जीवसंख्येचा आलेख इथे शोधू नये.

१९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्यातील, सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ याबाबत बोलका आहे. काळवीट गवत खातेच, शिवाय रात्री शेजारच्या ज्वारीतही उतरते. म्हणजे त्याची धारणक्षमता माळापुरती नाही, शेतकऱ्याच्या खिशातूनही ती भरली जाते. माळढोकाचे तसे नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. मुंगूस, घोरपड किंवा भटक्या कुत्र्याने ते गाठले की तो विणीचा प्रयत्न वाया जातो. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो.

संख्या फारच घटली की जोडीदार मिळणेही दुरापास्त होते आणि विरळपणाच घसरणीचे कारण ठरतो. याला ॲली परिणाम म्हणतात. अशा टप्प्यावर गवत राखून भागत नाही. म्हणूनच राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात माळढोकाची रानातली अंडी उचलून कृत्रिम रीतीने उबवण्याचा कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे.