निर्यात नोंदणी केली की सरकार केळी विकत घेतं का?

‘निर्यातीची नोंदणी करा, सरकार तुमची केळी घेऊन आखातात पाठवेल’ असा मेसेज जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे वर्षानुवर्षं फिरतोय. प्रत्यक्षात निर्यातीला चालना देणाऱ्या सरकारी संस्था माल विकत घेत नाहीत. त्या निर्यातदारांची नोंदणी करतात, पॅकहाउसला (माल निवडून, धुऊन, भरण्याच्या केंद्राला) अनुदान देतात, परदेशी प्रदर्शनांत जागा मिळवून देतात. बाकी सगळं निर्यातदाराचं काम: हिरव्या, बिनडागी फण्या निवडून धुवायच्या, खोक्यात भरायच्या, कंटेनर 13-14 अंशांवर ठेवायचा. भाव शेतकरी आणि निर्यातदार यांच्यातच ठरतो. तो लेखी घ्याच, हे कळकळीनं सांगतो. खात्री करायची तर नोंदणीचं प्रमाणपत्र नीट वाचा. त्यात खरेदीची हमी कुठेच नसते. ‘सरकारी खरेदी’साठी कुणी पैसे मागितले, तर आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा.