‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ घरी नेण्याआधी : आमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. आमच्या लायब्ररीत रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेराची पुस्तकं सतत बाहेरच असतात, आणि त्यातल्या एकावरून काउंटरवर हमखास वाद होतो, ते म्हणजे ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’. कोणी परत देताना म्हणतं असलं पुस्तक आजवर वाचलं नव्हतं, कोणी म्हणतं बाईंनी चक्क फसवलं हो, आणि मग मागे रांगेत उभा असलेला माणूस विचारतो, मग मी नेऊ की नको? त्यांच्यासाठी हा कागद. शेवट कुठेही फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

पहिला प्रश्न नेहमी क्रमाचाच असतो. पॉयरोच्या एकूण ३३ कादंबऱ्या, पहिली १९२० ची आणि शेवटची ‘कर्टन’ १९७५ ची. अ‍ॅक्रॉइड ही तिसरी, १९२६ ची, त्याच्या आदल्या वर्षी ती लंडनच्या एका सांजदैनिकात क्रमशः आली होती. आधीच्या दोन वाचलेल्या नसल्या तरी काही अडत नाही. इतकंच माहीत असू द्या की त्या दोन्ही पॉयरोचा मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज सांगतो, तो आता अर्जेंटिनात आहे, त्यामुळे इथे गोष्ट गावातले डॉक्टर शेपर्ड सांगतात. पॉयरो निवृत्त होऊन किंग्ज अ‍ॅबट नावाच्या खेड्यात मॅरो पिकवतोय (ही आपल्या दुधीच्या भावकीतली भाजी), आणि तो वैतागून एक मॅरो भिंतीपलीकडे भिरकावतो तो थेट डॉक्टरांच्या अंगणात, अशी त्यांची ओळख. मग गावातले श्रीमंत अ‍ॅक्रॉइड स्वतःच्या अभ्यासिकेत भोसकलेले सापडतात. एक खुर्ची जागची हललेली, रात्री आलेला एक फोन, बास, तेवढ्यावर पॉयरो कामाला लागतो.

आता वादाचं. पुस्तक आल्यापासून शंभर वर्षं होत आली तरी वाचकांचे दोन तट आहेतच. एक तट म्हणतो रहस्यकथेत लेखक आणि वाचक यांच्यात न लिहिलेला करार असतो, तो इथे मोडलाय. दुसरा म्हणतो सगळं समोर ठेवलं होतं, तुम्ही पाहिलं नाहीत. डोरोथी सेयर्स, स्वतः मोठी रहस्यकथाकार, या दुसऱ्या बाजूची, तिचं म्हणणं की सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचंच काम. आम्हीसुद्धा ठामपणे याच बाजूचे आहोत, कारण हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं की एकेक साधं वाक्य थांबवतं, पहिल्या वेळी ज्यावरून आपण सरळ पुढे गेलो ते वाक्य किती जपून लिहिलंय ते कळतं, आणि खोटं असं एकही सापडत नाही. २०१३ मध्ये ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनच्या सभासदांनी आजवरची सर्वोत्तम गुन्हेकथा म्हणून हीच निवडली, म्हणजे ज्यांचा हाच धंदा त्यांनी.

तक्रारीही ऐका. मधला भाग संथ वाटतो हे बरेच सभासद सांगतात, विशेषतः चौघं बसून माहजाँग (फरशांचा एक चिनी खेळ) खेळतात ते प्रकरण. आम्हाला तेच जीव की प्राण! डाव चालूय, फरशा पडताहेत आणि अख्ख्या गावाच्या खबरा टेबलावर येताहेत. त्यात डॉक्टरांची बहीण कॅरोलाइन म्हणजे तर कमालच, ही बाई घर न सोडता मोलकरणी आणि दूधवाल्यांकडून सगळं गाव जाणून असते. ख्रिस्तीने आत्मचरित्रात लिहिलंय की ही तिची पुस्तकातली लाडकी व्यक्तिरेखा आणि तिची दुसरी प्रसिद्ध गुप्तहेर, मिस मार्पल, बहुधा हिच्यातूनच आली. १९२८ ला या कादंबरीचं नाटक झालं तेव्हा कॅरोलाइनला काढून तिथे एक तरुण देखणी मुलगी घातली, याचा ख्रिस्तीला फार राग आला होता, आणि कॅरोलाइन आवडणाऱ्या कुणालाही तो पटेल.

पियेर बायार या फ्रेंच प्राध्यापकाने तर १९९८ मध्ये पॉयरोचा निष्कर्षच चुकला असं सांगणारं अख्खं पुस्तक लिहिलं. ते आधी चुकूनही हातात घेऊ नका. डेव्हिड सुशे पॉयरो झालाय ती टीव्ही मालिका आम्हालाही प्रिय आहे, पण तिच्यातला या कादंबरीवरचा भागसुद्धा नंतरच बघा, कारण या गोष्टीची खरी गंमत छापील पानावरच आहे.

आता आमच्याकडची सोय. हे पुस्तक लगेच दुसऱ्यांदा वाचायचं असेल तर काउंटरला फक्त सांगा, आठ दिवस वाढवून देतो, लेट फी नाही. पानांवर पेन्सिलीनेसुद्धा काही लिहू नका, मागे एका प्रतीत कोणीतरी समासात खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं आणि ती प्रत आम्हाला बदलावी लागली. शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाकडे या, रांगेत नको, तिथे न वाचलेले लोक उभे असतात. आणि ज्यांनी आयुष्यात एकही पॉयरो वाचलेला नाही त्यांनी आधी एखादी दुसरी कादंबरी घ्या, रहस्यकथा कशी चालते याची थोडी सवय होऊ द्या, मग ही न्या.