चित्रपट पडला, संगीताचं काय? एका सवयीची पार्श्वभूमी

सिंधुदुर्गात गणपतीच्या दिवसांत डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बसलं की एक गोष्ट हमखास घडते. बुवा अभंग आटोपून गजराला हात घालतात आणि पेटीवर ओळखीची चाल उमटते. चाल सिनेमातली, शब्द विठ्ठलाचे. पखवाज चढायला लागतो, मांडवातली वयस्कर माणसंही टाळी धरतात. अशा कित्येक चाली ज्या चित्रपटांतून आल्या, ते चित्रपट आज कुणाला आठवतही नाहीत. काही तर पहिल्याच आठवड्यात उतरले होते. चित्रपट कसा होता हे मांडवात कुणी विचारत नाही. चाल भरीव आहे का, कोरसला झेपते का, एवढंच पाहिलं जातं.

संगीत असं मूळ कलाकृतीतून बाहेर काढून पारखायची सवय आपल्याकडे सिनेमा येण्याच्या आधीपासून आहे. गाण्यांच्या बाबतीत या सवयीने आपल्याला फार चांगले कान दिले. पार्श्वसंगीताच्या बाबतीत मात्र तिने आपल्याला काहीच शिकवलं नाही. फसलेल्या चित्रपटाचं संगीत जोखताना आपली जी ओढाताण होते, तिचं मूळ या फरकात आहे असं मला वाटतं.

सुरुवात रंगभूमीपासून करावी लागते. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आलं आणि मराठी प्रेक्षकाला पदांची गोडी लागली. पुढे ‘वन्स मोअर’ची प्रथा अशी रुजली की कथानक तिथेच थांबवून नट तेच पद पुन्हा गायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गाणं नाटकापेक्षा मोठं होऊ शकतं हे प्रेक्षकाने तेव्हाच मान्य केलं होतं. ग्रामोफोनच्या तबकड्या आल्यावर तर पद नाटकातून उठून थेट घरात आलं. तबकडीवर संवाद नसायचे, प्रसंग नसायचा. गाणं आणि गळा, बस्स.

याचं अगदी कोकणातलं उदाहरण म्हणजे ‘संन्यस्त खड्ग’. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी हे नाटक लिहिलं आणि 1931 साली ते रंगभूमीवर आलं. गोव्यातल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ यांच्या बळवंत संगीत मंडळीने ते केलं. चाली होत्या सावंतवाडी संस्थानातून आलेल्या रामकृष्णबुवा वझ्यांच्या. ‘शतजन्म शोधिताना’ आणि ‘मर्मबंधातली ठेव ही’ ही पदं आजही मैफलीत गायली जातात, स्पर्धेत गायली जातात, शिकवण्यांमध्ये शिकवली जातात. ती ज्या नाटकातली आहेत ते नाटक पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागेल. ‘शतजन्म’ ऐकताना नाटकातला प्रसंग ठाऊक नसला तरी काही अडत नाही. ती झेप, ती तानेची धार प्रसंगावाचूनही पोचते.

बोलपट आला तेव्हा हीच माणसं आणि हीच सवय घेऊन आला. 14 मार्च 1931 रोजी मुंबईत पहिला हिंदी बोलपट लागला, त्यात सात गाणी होती. पहिला मराठी बोलपट 1932 सालचा, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. त्याचे संगीतकार गोविंदराव टेंबे, म्हणजे 1911 च्या ‘मानापमान’च्या चाली बांधणारेच, त्यांनीच त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. नाट्यसंगीतातून चित्रपट संगीतात जाताना आपण उंबरठा असा ओलांडलाच नाही. म्हणून ‘चित्रपटाचं संगीत’ म्हटलं की आपल्या मनात गाणी येतात. पात्र गप्प असताना मागे काय वाजतं याला आपण संगीत म्हणून मोजतच नव्हतो.

कोकणात गाणं आणि चित्रपट यांच्यातलं अंतर आणखी वाढलं, कारण गाणं आधी पोचायचं आणि चित्रपट मागाहून, कधी पोचायचाच नाही. भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटत त्या काळापासून चाकरमान्याच्या सामानातून तबकड्या, आणि पुढे कॅसेट गावाला येत राहिल्या. रेडिओचं तर विचारायलाच नको. 1952 साली नभोवाणी मंत्री केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केलं आणि देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली ती या ओहोटीला बांध घालायलाच. गीतमालेत गाण्याला क्रमांक मिळायचा. चित्रपट चालला की पडला याचा त्या क्रमांकाशी संबंध असेलच असं नव्हतं. खाडीपलीकडच्या वाडीत बसून गीतमाला ऐकणाऱ्या माणसाने चित्रपट पाहिलेलाच नसे. त्याचा निकाल निखळ कानाचा होता, आणि म्हणूनच तो पुष्कळदा टिकाऊ ठरला.

‘मेरा नाम जोकर’ 1970 च्या डिसेंबरात लागला आणि आपटला. चार तासांच्या आसपास लांबी, दोन मध्यंतरं. प्रेक्षक कंटाळले, राज कपूर कर्जात गेले. शंकर-जयकिशन यांना मात्र त्याच चित्रपटासाठी फिल्मफेअर मिळालं. नंतरच्या पिढीने चित्रपटाबद्दलचंही मत बदललं. तिकीटबारीवर पडणं आणि चित्रपट वाईट असणं या दोन गोष्टी आपण सर्रास एकीत मोजतो, तशा त्या नाहीत. 1959 चा ‘कागज के फूल’ही पडलेलाच, आणि आज त्याला फसलेला चित्रपट कोण म्हणेल?

खरोखर गाण्यांसाठीच उरलेल्या चित्रपटाचं उदाहरण म्हणून मी ‘रझिया सुलतान’ घेईन. 1983 सालचा, अफाट खर्चाचा, अतिशय जड. त्यातलं ‘ऐ दिल-ए-नादान’ एकदा दिवे मालवून ऐका. खय्याम यांनी त्यात ओळींच्या मधे जी शांतता सोडली आहे ती त्या काळच्या गाण्यात कुणी सोडत नसे. संतूर काही थेंब टाकतं आणि थांबतं, लताबाई एक ओळ म्हणतात आणि थांबतात, आणि त्या थांबण्यात पुढची ओळ येईल की नाही अशी हुरहुर लागते. वाळवंटातलं एकटेपण त्या रिकाम्या जागांनी उभं राहतं. चित्रपटाला जे सगळ्या लवाजम्यानिशी साधलं नाही ते इथे मोजक्या वाद्यांच्या संयमाने साधल्यासारखं वाटतं. अशा वेळी चित्रपट वाईट असल्याचा गाण्याला उलट फायदाच होतो, ते जास्तच उजळतं. त्या फायद्याचीही वजावट करायला हवी. मी करून पाहिली आहे, गाणं तरीही उरतं.

आता पार्श्वसंगीताकडे. ते सहसा तबकडीवर आलं नाही, रेडिओवर लागलं नाही, त्याचा गजर झाला नाही. गाणं चित्रपटातून सुटलं, हे आत अडकून राहिलं. चित्रपट बुडाला की त्याच्याबरोबर ते बुडायचं.

गंमत म्हणजे हे बुडालेलं काम करणाऱ्यांत मोठा वाटा आपल्याच किनाऱ्याच्या माणसांचा होता. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. ती मुलं मोठी होऊन मुंबईत आली, आधी हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि मग स्टुडिओत. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. व्हायोलिनच्या रांगांनी काय वाजवायचं, चेलो कुठे शिरायचे, हे कागदावर उतरवायचे गोव्याचे अरेंजर. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम वर्षानुवर्षं केलं. फ्रँक फर्नांड होते, चिक चॉकलेट होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस 1927 चे. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि 1977 साली लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी गुरूचं नाव एका गाण्याच्या मुखड्यात आणून ठेवलं. हे गाणं सगळ्यांना पाठ आहे, पण ते नाव खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना माहीत असतं? पडद्यावरच्या नामावळीत अरेंजरचं नाव पुष्कळदा नसायचंच. त्यामुळे त्या काळातल्या एखाद्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला आपण आज शाबासकी देतो तेव्हा ती नेमकी कुणाला पोचते हा प्रश्न उरतोच. मला ही फार मोठी अन्यायाची गोष्ट वाटते.

याच पट्ट्यातले वसंत देसाई. 1912 चा जन्म, कुडाळजवळचं सोनवडे गाव. कीर्तन आणि दशावतार कानावर घेत वाढलेला हा माणूस प्रभातमध्ये शांतारामबापूंच्या हाताखाली तयार झाला. ‘दो आँखें बारह हाथ’, ‘गूँज उठी शहनाई’ ही नावं सगळे घेतात. मला इथे 1964 च्या ‘यादें’बद्दल बोलायचं आहे. सुनील दत्त यांच्या या चित्रपटात पडद्यावर वावरणारं पात्र एकच. घरी आलेला एकटा माणूस, बाकी सगळे आवाज. पोटभर मनोरंजन शोधणाऱ्याला तो झेपण्यासारखा नव्हताच. पण समोर दुसरा नट नसताना संवादाची दुसरी बाजू कुणी धरायची? ती ध्वनीने आणि संगीताने धरायची होती. अशा चित्रपटाबद्दल आपलं मत काहीही असो, संगीतकारावर किती भार होता हे आधी पाहावं लागतं.

दशावतारात हा भार डोळ्यांना दिसतो. पेटीवाला आणि मृदंगवाला रंगमंचावरच एका बाजूला बसलेले असतात. संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे राजा बोलता बोलता अडखळला की पेटी सूर भरते, युद्ध सुरू झालं की मृदंग आणि झांज उसळतात. नट थकलेला असेल, नाटक रंगत नसेल, तर पहाटेपर्यंत ते ओढून नेणारा माणूस कोण हे प्रेक्षकाला समोर दिसत असतं आणि तो त्याला दाद देतो. सिनेमात हाच माणूस अंधारात गेला.

पार्श्वसंगीत बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी होतं. संकलन संपलेलं असतं, प्रदर्शनाची तारीख डोक्यावर असते आणि चित्रपट कुठे लंगडतोय हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलेलं असतं. मग संगीतकाराला सांगितलं जातं, इथे जरा भरून काढा. हे जगभर असंच चालत आलं आहे. 1933 च्या ‘किंग काँग’मधला राक्षसी वानर म्हणजे एक छोटा बाहुला होता, तो खरा वाटावा यासाठी मॅक्स स्टायनर यांनी मोठं वाद्यवृंदाचं संगीत रचलं. त्यातही विचार असा की नामावळीनंतर बराच वेळ संगीत जवळजवळ नाहीच. जहाज बेटाजवळच्या धुक्यात शिरतं तेव्हा ते सुरू होतं. तिथून पुढे आपण ओळखीच्या जगात नाही, हे प्रेक्षकाला संगीत सांगतं.

मग फसलेल्या चित्रपटात हे जोखायचं कसं? एक प्रसंग धरू. मुलगा घर सोडून निघालाय, आई दारात उभी आहे. नट कच्चा, संवाद पुस्तकी, कॅमेरा उगाच फिरतोय. एक संगीतकार इथे व्हायोलिनचा पूर ओततो, कारण प्रसंगात रडू येत नाही आणि ते आणायचं आहे. दुसरा अर्ध्या तासापूर्वी त्याच मुलाच्या लहानपणी वाजलेली बासरीची एक ओळ परत आणतो, या वेळी संथ आणि शेवटचा सूर न लावता. प्रसंग दोन्हीकडे फसलेलाच राहील. पण दुसऱ्याने तो प्रसंग काय होऊ पाहत होता ते ओळखलं होतं. माझ्या लेखी त्याचं काम उत्तम, चित्रपटाला एक तारा मिळाला तरी. आणि पहिल्याचा तो पूर वेगळा ऐकताना कितीही सुरेल वाटला, तरी त्याने फक्त आवाज वाढवला.

म्हणूनच नुसतं अल्बम ऐकून दिलेला निकाल मला अपुरा वाटतो. अल्बमसाठी तुकडे निवडलेले, जोडलेले, पुष्कळदा क्रम बदललेले असतात. ती जवळजवळ दुसरीच रचना असते. उलट, चित्रपट पाहून वैतागलेल्या मनाने दिलेला निकालही खरा नसतो. शिवाय संकलकाने आधी कामचलाऊ म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी संगीत लावून दृश्यं कापलेली असली, आणि दिग्दर्शकाला तेच आवडून बसलं असलं, तर नक्कल करण्यावाचून संगीतकाराला गत्यंतर नसतं. कानाला उसनं वाटणाऱ्या संगीताचा दोष दर वेळी त्याचा असतो असं नाही.

पुरस्कारांनाही हा भेद कळायला वेळ लागला. फिल्मफेअरने 1954 पासून संगीतकाराला पुरस्कार दिला तो बहुतांशी गाण्यांकडे पाहूनच. पार्श्वसंगीताचा स्वतंत्र विभाग आला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. राष्ट्रीय पुरस्कारांत संगीत दिग्दर्शन आलं 1967 च्या चित्रपटांपासून. 2009 च्या चित्रपटांपासून मात्र गाणी आणि पार्श्वसंगीत नियमितपणे वेगळे झाले, आणि त्या वर्षी पार्श्वसंगीताचा मान इलैयाराजांना मिळाला.

मराठी परीक्षणांत अजून ‘संगीत श्रवणीय, पार्श्वसंगीत साजेसं’ एवढ्यावर भागवलं जातं. साजेसं म्हणजे कशाला साजेसं? आता मराठी चित्रपटांचं पार्श्वसंगीतही मोबाइलवर सुटं मिळायला लागलंय. रत्नागिरीतला किंवा मालवणातला पोरगा एस.टी.त खिडकीशी बसून ते ऐकू शकतो. त्याने नंतर तो प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा, मग आवाजासह, आणि कोणत्या क्षणी संगीत थांबलं तेवढं टिपून ठेवावं.