भूकंपाच्या केंद्रापासून लांब असूनही इस्तंबूलचं आवजलार का कोसळलं?

17 ऑगस्ट 1999, पहाटेचे 3 वाजून 2 मिनिटं. तुर्कस्तानात इझमितजवळ मोठा भूकंप झाला आणि 17 हजारांहून जास्त माणसं गेली. इस्तंबूल शहरात जे जवळपास हजार लोक गेले त्यातले बरेच आवजलार या एकाच भागातले होते, आणि हा भाग आहे शहराच्या पश्चिमेला, म्हणजे पूर्वेकडच्या भूकंपकेंद्रापासून शहरातल्या बाकीच्या बऱ्याच वस्त्यांपेक्षा लांब! मधल्या वस्त्या हादरल्या पण बहुतांश उभ्या राहिल्या.

याचं एक कारण जमिनीत आहे. आवजलारखाली मऊ गाळाचे थर आहेत, अशा मातीत भूकंपाच्या लाटा हळू जातात आणि हळू झाल्या की त्यांचा झोका वाढतो. म्हणून शहराची तपासणी करताना जागोजागी बोअर घेऊन आडव्या लाटांचा (म्हणजे जमीन आडवी हलवणाऱ्या भूकंपलाटांचा) वेग मोजतात, खडकात तो सेकंदाला 760 मीटरच्या वर असतो आणि अगदी मऊ मातीत 180 च्याही खाली येतो.

दुसरं कारण बिल्डिंगा, आणि माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं. पडलेल्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये समुद्राच्या वाळूतले शिंपले दिसत होते. कॉलमच्या उभ्या सळयांना ज्या रिंगा बांधतात त्या लांब लांब टाकलेल्या आणि त्यांची टोकं नुसती काटकोनात वाकवलेली. ती टोकं 135 अंशात आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवायला हवीत, नाहीतर बाहेरचं काँक्रीट उडालं की रिंग उघडते, सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. त्यात तळमजल्यावर दुकानं काढायला भिंती पाडलेल्या, म्हणजे सगळा भार नुसत्या कॉलमवर. 2001 च्या भुज भूकंपात 200 किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या अहमदाबादमध्ये खाली पार्किंग असलेल्या बिल्डिंगा अशाच गेल्या, आणि तशा बिल्डिंगा पुण्यामुंबईत गल्लोगल्ली आहेत.

इस्तंबूलला मुख्य धोका आहे तो मार्मारा समुद्राखालून जाणाऱ्या उत्तर अनातोलिया फॉल्टचा, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेचा. 2002 मध्ये इस्तंबूल महापालिका आणि जपानच्या जायका संस्थेने मिळून अभ्यास केला, त्यात 7.7 चा भूकंप धरला तर 87 हजार मृत्यूंचा अंदाज निघाला. 23 एप्रिल 2025 ला तिथे 6.2 चा धक्का बसला तेव्हा कित्येकांना वाटलं की चला, फॉल्टमधला ताण मोकळा झाला, पण 7.5 च्या भूकंपात त्याच्या साधारण 90 पट ऊर्जा असते त्यामुळे हा दिलासा खोटा आहे.

आता धोक्यानुसार इस्तंबूलच्या 39 जिल्ह्यांची क्रमवारी लावायची कशी? इथे खरी गोची आहे. नुकसानीचे नुसते आकडे मोजले तर दाट लोकवस्तीचे क्युचुकचेकमेजेसारखे जिल्हे वर येतात आणि फॉल्टच्या अगदी जवळची अदालार बेटं जोरात हादरली तरी माणसं कमी म्हणून यादीत खाली जातात, टक्केवारीने मोजलं की चित्र बदलतं. शिवाय फातिहसारख्या जुन्या भागात गल्ल्या अरुंद, एक इमारत आडवी झाली की अग्निशमनची गाडी आत जाणारच नाही, हे कुठल्या खान्यात धरायचं? सगळ्याची बेरीज करून जिल्ह्याला एकच मार्क दिला की त्याच जिल्ह्यातली खडकावरची चांगली सोसायटी आणि नाल्याकाठची सहा मजली जुनी बिल्डिंग एकाच रंगात रंगतात. मला तरी जिल्ह्याचा नकाशा फक्त सुरुवात म्हणून ठीक वाटतो. खरं काम रस्त्यावर फिरून होतं: मजले किती, तळमजला मोकळा आहे का, वरचे मजले बाहेर काढलेत का, शेजारच्या बिल्डिंगला चिकटलीय का. झेयतिनबुर्नु या जिल्ह्यात असं इमारतवार काम झालंय.

एखादी इमारत संशयास्पद निघाली की कॉलममधून काँक्रीटचा नमुना काढून लॅबला पाठवतात. 2012 च्या कायद्याने धोकादायक ठरलेली इमारत पाडावी लागते, म्हणून पुष्कळ लोक टेस्टच करून घेत नाहीत, कारण घर पाडलं तर नवीन होईपर्यंत जायचं कुठे आणि वरचा खर्च द्यायचा कुठून. पुनर्बांधणीसाठी आधी दोनतृतीयांश मालकांची संमती लागायची, 2023 च्या मोठ्या भूकंपांनंतर त्याच वर्षी ती अट निम्म्याहून जास्त इतकी खाली आणली, पण भाड्याचा आणि खर्चाचा प्रश्न अजून तसाच आहे.