वाणिज्य खात्याचे जुने कागद मागताना: बेळगाव, निपाणी, खानापूरकरांसाठी

आजोबांच्या आयात परवान्याची नक्कल, तंबाखू व्यापाऱ्यांनी दिल्लीला केलेला अर्ज, एखाद्या पेढीचा सरकारशी झालेला पत्रव्यवहार, असे कागद केंद्राच्या वाणिज्य खात्याच्या दप्तरात सापडू शकतात. ते मागायचा हक्क दुकानदारालाही आहे. तरी आपल्याकडचे अर्ज परत येतात. परत आलेली बरीच पत्रं मी वाचली आहेत. कारणं तीच ती असतात.

पहिलं कारण साल. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीच्या राज्य सरकारच्या कागदांसाठी मुंबईचं पुराभिलेखागार (फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत), नंतरच्या कागदांसाठी कर्नाटकचं. त्याचं विभागीय कार्यालय धारवाडला आहे. केंद्राच्या खात्याचे जुने कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. चंदगड त्याच वेळी कोल्हापूर जिल्ह्याकडे गेलं, म्हणून चंदगडच्या व्यापाऱ्याचा १९५० चा कागद 'बेळगाव जिल्हा' याच नावाखाली शोधा. शहापूरकरांनी तर फारच जपावं. शहापूर आज शहरात मिसळलंय, पण १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत ते सांगली संस्थानचं होतं. तिथल्या पेढीचे कागद मुंबई इलाख्याच्या फायलींत शोधण्यात महिने घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

दुसरी अडचण फाइल नंबराची. तो घरी कुणाकडेच नसतो. अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर तो शोधता येतो, पण गावाचं नाव इंग्रजांच्या वेळच्या स्पेलिंगने टाका. 'बेळगावी' टाकून काही मिळणार नाही, 'Belgaum' टाका. खात्याचं नावही सालाप्रमाणे बदलतं: १९०५ पर्यंत 'वित्त आणि वाणिज्य', त्यानंतर 'वाणिज्य आणि उद्योग'. आयात परवान्याचं काम १९४७ च्या कायद्याने आयात-निर्यात नियंत्रकाकडे आलं; त्याचा आजचा वारस म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय. परवान्यासंबंधीचा अर्ज त्यांच्याकडे करा.

दिल्लीच्या वाचनकक्षात बसून फाइल पाहायची असेल तर ओळखपत्र आणि संस्थेचं शिफारसपत्र न्या. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात पंचवीस वर्षांहून जुने, अभिलेखागारात जमा झालेले कागद 'प्रामाणिक संशोधकाला' दाखवायची तरतूद आहे. कॉलेज सोडून तीस वर्षं झालेल्या माणसाने हे पत्र आणायचं कुठून, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना भेटा, कशासाठी हवंय ते नीट सांगा.

पत्र नाहीच मिळालं तर माहितीचा अधिकार. फी दहा रुपये. केंद्राचा अर्ज ऑनलाइन जातो. इथे कारण सांगावं लागत नाही, आणि कुणी विचारलं तर कलम ६(२) दाखवा. मात्र अर्ज दुकानाच्या लेटरहेडवर करू नका. हा हक्क नागरिकाला आहे, फर्मला नाही. नुसत्या फर्मच्या नावाचा अर्ज सरळ फेटाळतात. स्वतःच्या नावाने, साध्या कागदावर लिहा.

भाषेचं दुखणं आपल्याला ठाऊकच आहे. कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा म्हणतो. मुंबईला मराठीतला अर्ज चालतो, बेळगावच्या कचेरीत तो परत करायला त्यांना कारण मिळतं. इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या माणसाला आपल्याच गावात दुसऱ्याकडून अर्ज लिहून घ्यावा लागतो, हे मला आजही पटत नाही. पण कागद हवा असेल तर कन्नड किंवा इंग्रजीत द्या. कर्नाटकात आणखी एक अट आहे: एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द. 'आमच्या पेढीचे सर्व कागद द्यावेत' असं लिहिलं की अर्ज अडकलाच. साल, नाव, विषय लिहा. कोल्हापूरला चालणारा कोर्ट फी स्टॅम्प इथे लावू नका, पोस्टल ऑर्डर जोडा.

उत्तरात 'व्यापारी गोपनीयता' आलं तर घाबरू नका. वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीला कलम ८(३) लागू होतं आणि ही सबब गळून पडते. 'कागद आमच्याकडे नाही, अभिलेखागारात गेला' एवढंच लिहून अर्ज परत करणंही चूक आहे. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत त्यांनीच तो पुढे पाठवायचा असतो. 'नष्ट केला' म्हणाले तर नष्ट केलेल्या कागदांच्या यादीची नक्कल मागा.

सगळ्यात जास्त लोक बुडतात ते मुदतीत. उत्तराला तीस दिवस. ते संपले, किंवा नकार हातात पडला, की पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. लोक साहेबांना भेटत राहतात, 'पुढच्या सोमवारी या' ऐकत राहतात आणि अपिलाचे दिवस त्यातच जातात. तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही. दुसऱ्या अपिलाला नव्वद दिवस. अर्ज पोचल्याची पावती आणि उत्तराचं पाकीट दोन्ही ठेवा, कारण दिवस मोजायची वेळ आली की पाकिटावरचा शिक्काच दाखवावा लागतो.