दिवा चालायचा तेव्हा: कोकणातल्या दीपोत्सवाच्या वाटेची पार्श्वभूमी

त्रिपुरारी पौर्णिमा आली की कोकणातल्या बऱ्याच गावांत जेवणं लवकर उरकतात. घरातली सगळी, अगदी गुडघे धरलेली आजीसुद्धा, पाखाडी उतरून देवळाकडे निघतात. पायऱ्यांच्या कडेला पणत्या, वर माडापोफळींना टांगलेले कंदील, देवळाच्या आवारात विजेच्या माळा. मुलं पुढे, मोठी माणसं मोबाइल उंच धरून मागे. फोटो त्याच रात्री मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर पोचतात. पण दिवे वाटेवर मांडून ठेवायचे आणि आपण मोकळ्या हातांनी त्यांतून फिरायचं, ही चैन इथे फार जुनी नाही. कित्येक पिढ्या दिवाच माणसाबरोबर चालत होता.

एका जागी उभा राहून जळणाऱ्या दिव्यांचा थाट होता तो देवाचा. कार्तिकी पौर्णिमेला शंकराने त्रिपुरासुराला मारलं, म्हणून त्या रात्री त्रिपुर पाजळायचे. देवळापुढची दीपमाळ त्यासाठीच. काळ्या दगडाची नाहीतर जांभ्याची, चुन्याचा गिलावा केलेली, आणि बाहेर काढलेल्या हातांवर पणत्या. त्याच हातांवर पाय देत कुणीतरी वरपर्यंत चढायचं, एक पेटवेपर्यंत खारा वारा दुसरी विझवायचा. खटाटोप मोठा आणि तेलही भरपूर लागायचं, त्यामुळे दीपमाळ वर्षातून मोजक्या रात्रीच उजळे. एरवी गाभाऱ्यातला नंदादीप तेवढा तेवत राही. त्याच्या तेलाची सोय म्हणून देवस्थानांना इनाम जमिनी दिलेल्या असत.

तेल हाच खरा प्रश्न होता. खोबरेल खायचं, डोक्याला लावायचं, देवापुढे जाळायचं. घरच्या दिव्याला किनाऱ्यावर उंडीचं तेल चाले. उंडीची झाडं समुद्रालगत वाढतात. वटवाघळं फळाचा वरचा गर खाऊन कठीण बी टाकून देतात, आणि सकाळी झाडाखाली ती गोळा करायचं काम पोरांचं. फोडून आतला गर वाळवायचा, घाण्यावर गाळायचा. तेल हिरवट, दाट, उग्र वासाचं. जेवणात निरुपयोगी, म्हणून दिव्याला मोकळं. जुन्या घरांच्या कोनाड्यांवर काजळीचे जे काळे ओघळ दिसतात, त्यांत या तेलाचाही वाटा असणार.

वाटेवर मात्र पणतीचा टिकाव लागत नाही. तिथे चूड. माडाच्या सुक्या झावळीची पाती एकत्र आवळून बांधलेली, चालताना हलवत ठेवायची म्हणजे निखारा फुलत राहतो. थांबलात की विझली. उजेडापेक्षाही फुरशाची, म्हणजे त्या छोट्या विषारी सापाची, धास्ती हे चूड घेण्याचं मोठं कारण. दक्षिणेकडे, गोव्यात, दिवजांची जत्रा भरते, तिथे सवाष्णी मातीची दिवजं पेटवून देवळाभोवती प्रदक्षिणा घालतात. एका बुंध्यावर पाच छोट्या वाट्या, प्रत्येकीत वात. म्हणजे देवाच्या दारातसुद्धा दिवा हातात घेऊन चालायचाच. आकाशदिव्याचीही मूळ समजूत वाटेचीच: दिवाळीत पितरांना मार्ग दिसावा म्हणून तो खळ्यात उंच काठीवर. आता आपण त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहतो, ते वेगळं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आलं आणि काचेचा कंदील घरोघर शिरला. आधी परदेशी, मग आपलाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली उभ्या राहिलेल्या काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर गेला. वारा लागला तरी न विझणारा दिवा किनाऱ्यावरच्या माणसाला प्रथमच मिळाला. रोज संध्याकाळी राखेने काच पुसायची शिक्षा तेवढी लहान मुलांच्या वाट्याला आली.

जत्रेचं रूप पालटलं ते गॅसबत्तीने. कार्तिकापासून सिंधुदुर्गात दहीकाल्यांचा, म्हणजे गावोगावच्या देवळांतल्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो, रात्रभर दशावतार चालतो. पूर्वी दिवट्यांच्या उजेडात नाचणारे संकासुर आणि गणपती आता लख्ख पांढऱ्या प्रकाशात आले. या बत्तीचं मर्म तिच्या मेंटलमध्ये. रेशमी पिशवीसारखं हे मेंटल बांधून पहिल्यांदा जाळून टाकायचं. उरतो तो राखेचा नाजूक सांगाडा, आणि पंप मारला की तोच सूं सूं करत पांढरा तापतो. एक धक्का बसला की भुगा. त्यामुळे पालखीपुढे डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्याची चाल वेगळीच, मान ताठ, पाऊल अलगद. पालखीच्या भोयांपेक्षा मला त्या माणसाचं कौतुक जास्त वाटतं.

वीज आली, पण उशिरा. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ च्या सुमारास सुरू झाला, त्याचं वीजघर चिपळूणजवळ पोफळीला, म्हणजे कोकणातच. तरी वाड्यावाड्यांवर खांब उभे राहायला पुढे कित्येक वर्षं गेली. खांब आला तसा दिवा वाटेवर रुजला आणि माणसाचे हात मोकळे झाले. आज 'फिरायला जाऊ या, दिवे बघू या' म्हणता येतं ते यामुळे.

जगात अन्यत्र हा प्रकार थोडा वेगळ्या वाटेने आला. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या त्झकुंग शहरात १९६४ पासून कंदिलांचा आधुनिक महोत्सव भरतो. तारेचे सांगाडे, त्यांवर रेशमी कापड, आत दिवे, आणि ड्रॅगनपासून डायनोसॉरपर्यंत प्रचंड आकृत्या. तिथले कारागीर २०१४ साली इंग्लंडमधल्या लाँगलीट या जुन्या हवेलीच्या उद्यानात गेले आणि हिवाळ्यात सहकुटुंब तिकीट काढून कंदिलांतून फिरण्याची टूम तिकडेही चांगलीच रुजली. त्याच वर्षी निळ्या एलईडीच्या शोधाला नोबेल मिळालं, हा योगायोगच. पण कापडाच्या पोटात जवळजवळ न तापणारा दिवा ठेवता येऊ लागला तो एलईडीमुळे. चिव्याच्या कामट्यांचा, पतंगी कागदाचा आपला कंदील पणतीमुळे किती वेळा पेटून खाली आला असेल, ते कुठल्याही आजोबांना विचारावं.

आता हे दिवे पुळणीवरही नेण्याची हौस दिसते, आणि तिथे मात्र हात आखडावा. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, ती याच थंडीच्या महिन्यांत. अंड्यातून निघालेलं पिल्लू सगळ्यात उजळ दिसेल त्या बाजूला धावतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. माळा लागल्या की ती गावाकडची होते. अंडी फुटायला साधारण पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, म्हणजे त्रिपुरीच्या आसपास घातलेल्या अंड्यांतली पिल्लं बाहेर येतात ती पौषात, जत्रांच्या ऐन हंगामात.